सहातले पाच मॉन्स्टर बसूनच राहतात? लढतीचे नवे प्रकार असे बांधा

मॉन्स्टर पकडायच्या टेबलटॉप आरपीजीत, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या भूमिकांच्या खेळात, पोरं सगळ्यात जास्त जीव लावतात ते आपल्या सहा मॉन्स्टरांना. नावं ठेवतात, वहीत चित्रं काढतात, कोणाला काय खायला आवडतं तेही ठरवतात. मग लढाई लागते आणि टेबलावर येतो तो एकच, ज्याचा ॲटॅक सगळ्यात मोठा. बाकीचे पाच कागदावर बसून राहतात. समोरासमोर दोन मॉन्स्टर, आळीपाळीने फटके, ज्याचा एचपी, म्हणजे जीव मोजायचे गुण, आधी संपला तो हरला, या साच्यात दुसरं काही होऊच शकत नाही, कारण तिथे मोठ्या फटक्यालाच भाव आहे. म्हणून लढतीचा नवा प्रकार बांधायला बसलो की मी आधी खेळाडूंच्या शीट, म्हणजे मॉन्स्टरांची माहिती लिहिलेले कागद, घेतो आणि कोणता मॉन्स्टर बरेच दिवस बाहेर आला नाही ते बघतो. नवा नियम त्याच्यासाठी लिहायचा.

मी नागपुरात, प्रतापनगरात राहतो. रविवारी दुपारी भाची आणि तिचे तीन मित्रमैत्रिणी येतात, सगळे शाळकरी, आणि जीएम, म्हणजे खेळ चालवणारा आणि समोरची बाजू खेळणारा, मी असतो. आमचे नियम साधे आहेत: वीस बाजूंच्या फाशावर ७ किंवा वर आलं की फटका लागला, नुकसान दोन सहाबाजू फासे अधिक ३, मधल्या दर्जाच्या मॉन्स्टरला ३० एचपी. तुमची सिस्टिम वेगळी असेल तर हेच आकडे तिच्या हिशेबात बसवून घ्या. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आधी हिशेब करा

सात किंवा वर म्हणजे वीसपैकी चौदा वेळा फटका लागतो, म्हणजे ७० टक्के. सरासरी नुकसान १०. म्हणजे एका पाळीला साधारण ७ एचपी जातात आणि ३० एचपीचा मॉन्स्टर पाचव्या पाळीला पडतो. एकास एक लढतीत हे ठीक आहे. पाच पाळ्यांत काहीतरी घडतं, बदली करायला वेळ मिळतो.

आता दोनास दोन करा. दोघांनी मिळून एकालाच धरलं तर राउंडला १४ जातात आणि तोच मॉन्स्टर तिसऱ्या राउंडला आडवा. तो पडला की पुढचं दोनास एक, म्हणजे निकाल लागलाच. नुसती संख्या वाढवली की लढत जास्त रंगेल असं वाटतं, प्रत्यक्षात ती लवकर एकतर्फी होते. म्हणून दोनास दोन खेळवताना एकाच राउंडमध्ये त्याच मॉन्स्टरवर दुसरा फटका मारायचा असेल तर फाशावर ३ वजा, एवढा एक नियम मी ठेवतो. आणि सगळ्यांना एकदम लागणारा ॲटॅक असेल तर त्याचं नुकसान पाऊणपट. हा पाऊणपटीचा आकडा पोकेमॉनच्या डबल बॅटलमधूनच घेतलेला आहे, तिथे तो वर्षानुवर्षं टिकला आहे.

दुसरा हिशेब वेळेचा. चार खेळाडू, प्रत्येकाचे दोन मॉन्स्टर आणि जीएमचे आठ, म्हणजे एका राउंडला सोळा पाळ्या. पाळीला मिनिटभर धरलं तरी एका खेळाडूला आपली पाळी येईपर्यंत पोहे खाऊन ताटली धुऊन येता येतं. तेव्हा जीएमच्या बाजूला निम्मे मॉन्स्टर ठेवा आणि त्यांचा एचपी वाढवा. किंवा आधी सगळ्यांनी काय करणार ते सांगायचं आणि मग एकदमच फासे टाकायचे. पोकेमॉन टेबलटॉप युनायटेड या चाहत्यांनी बनवलेल्या सिस्टिममध्ये लीग लढतीत ट्रेनरांसाठी, म्हणजे मॉन्स्टर बाळगणाऱ्यांसाठी, अशीच व्यवस्था आहे: सगळ्यात मंद ट्रेनर आपली चाल आधी जाहीर करतो, पण प्रत्यक्ष चाली वेगवान ट्रेनरपासून होतात. त्यामुळे वेगवान खेळाडूला समोरच्याचा बेत ऐकून मग ठरवता येतं, आणि वेग या रकान्याला खरी किंमत येते. मी हेच मॉन्स्टरांनाही लावतो.

व्हिडिओ गेममधून काय उचलावं

पोकेमॉनवाल्यांनी हे सगळं आपल्याआधी करून पाहिलं आहे, तेव्हा तिथून शिकायला लाजू नये. डबल बॅटल २००२ मध्ये आली, ट्रिपल आणि रोटेशन २०१० मध्ये, टाइपचा तक्ता (पाणी, अग्नी, गवत यांत कोण कोणावर भारी ते सांगणारा) उलटा करणारी इन्व्हर्स आणि पाच जंगली मॉन्स्टरांची झुंड २०१३ मध्ये, चौघांची बॅटल रॉयल २०१६ मध्ये, आणि चौघांनी मिळून एका महाकाय मॉन्स्टरशी लढायची मॅक्स रेड २०१९ मध्ये.

टेबलावर यातली ट्रिपल मला जड वाटते. कडेचा मॉन्स्टर समोरच्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही हे कॉम्प्युटर लक्षात ठेवतो, पोरं ठेवत नाहीत. रोटेशन मात्र उत्तम चालते: तिघे बाहेर, एक पुढे, आणि पाळी न घालवता पुढचा बदलता येतो. तीन पत्ते त्रिकोणात ठेवायचे आणि फिरवायचे, बस. इन्व्हर्सला तर नवं सामानच लागत नाही, पण ती एखाद्या ठिकाणापुरती ठेवा, एखादी शापित विहीर किंवा जुनी बावडी, म्हणजे खेळाडूला आधी कुणकुण लागते आणि घरी ठेवून दिलेला मॉन्स्टर तो मुद्दाम सोबत घेतो. झुंडीसाठी पाच शीट लिहू नका. एकच सामायिक एचपी धरा, तो पाचवा हिस्सा कमी झाला की एक मॉन्स्टर पळाला समजा, आणि जेवढे उरले तेवढे फासे एकदम टाका.

बॅटल रॉयलमधला एक बारकावा फार कामाचा आहे. तिथे कोणाही एका ट्रेनरचे सगळे मॉन्स्टर पडले की लढत तिथेच थांबते आणि मग मोजणी होते. म्हणजे सगळ्यात अशक्त खेळाडूला झोडपणं प्रत्येक वेळी फायद्याचं नसतं. आपण मागे असलो तर त्याला जगवावं लागतं. चार शाळकरी पोरांच्या टेबलावर हा नियम फार चांगलं वागायला लावतो, कारण सगळे मिळून एकाला घालवतात तेव्हा ते पोर पुढच्या रविवारी यायला कां कू करतं.

कबड्डीतून बांधलेली लढत

माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त मागणी हिला आहे. कबड्डीत बाद झालेला गडी घरी जात नाही, आपल्या संघाला गुण मिळाला की परत मैदानात येतो. मॉन्स्टरांच्या खेळाला हेच हवं होतं.

कार्डबोर्डवर दोन अंगणं आखा, प्रत्येकी पाच बाय पाच घरं, मध्ये रेघ. प्रत्येक बाजूला पाच मॉन्स्टर. एचपी पूर्णपणे बाजूला ठेवा, या लढतीत तो नाहीच. चढाईला जाणाऱ्या मॉन्स्टरला चार दम मिळतात, त्यासाठी चार चिंचोके त्याच्यासमोर मांडा. दोन घरं चालणं म्हणजे एक दम, एक ॲटॅक म्हणजे एक दम. ॲटॅक लागला की तो गडी शिवला गेला. पण चढाई करणारा शेवटचा चिंचोका संपायच्या आत रेघ ओलांडून परत आला तरच शिवलेले सगळे बाद, नाहीतर तोच बाद. प्रत्येक चिंचोका उचलला की बचाव करणाऱ्यांपैकी शेजारच्या घरातला एक जण पकड करू शकतो: दोघांनी फासा टाकायचा, ताकदीचा रकाना त्यात मिळवायचा. दोन पकडी यशस्वी झाल्या की चढाई संपली.

टाइपचा तक्ता इथे एका ओळीत बसतो. आपला टाइप ज्याच्यावर भारी आहे त्याला मारलेला ॲटॅक दम खात नाही. एवढ्याने बोर्डाचं रूपच पालटतं. पाण्याच्या मॉन्स्टरची चढाई येणार असं दिसलं की अग्नीवाले मागे सरकतात, गवतवाले पुढे येतात आणि मधली जागा मोकळी पडते.

कबड्डीतले आणखी तीन नियम जसेच्या तसे घ्या. समोरचा सगळा संघ बाद झाला की लोण, दोन गुण जास्तीचे आणि सगळे परत मैदानात. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचाच, नाहीतर चढाई करणारा बाद. आणि तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड झाली तर एक गुण जास्त. हा शेवटचा नियम गाळू नका. मागे पडलेल्या बाजूला हातात काहीतरी राहतं ते याच्यामुळेच.

हे खेळताना कोणते मॉन्स्टर बाहेर येतात ते बघा. गिट्टू नावाचा आमचा दगडी मॉन्स्टर नेहमीच्या लढतीत राजा आहे, इथे तो फक्त पकडीला उभा राहतो. चढाईला जाते ती लाखोळी, मुठीएवढं पाखरू, ॲटॅक नावापुरता, वेग मात्र जबरदस्त. लागलेला फटका किती मोठा हे इथे कोणी विचारत नाही. शिवलं म्हणजे शिवलं. जिच्या शीटवर पहिल्या दिवसापासून एकही खाडाखोड नव्हती त्या लाखोळीला भाचीच्या मित्राने मग रंगीत पेन्सिलींनी नवीन पंख काढले.

दम वेगावरून ठरवावा का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मी सगळ्यांना सारखेच चार देतो. वेगवान मॉन्स्टर एका दमात तीन घरं चालतो, तेवढं पुरतं. दम आणि वेग दोन्ही वाढवले तर लाखोळीच नवा राजा होईल आणि गिट्टू बसेल.

नवतपा

हा प्रकार छोटा आहे. मे महिन्याच्या २५ तारखेपासूनचे नऊ दिवस नागपूरकराला समजावून सांगायला लागत नाहीत. पारा ४५ च्या वर जातो आणि रस्त्यावरचा माणूस झाडाची सावली शोधत चालतो. सहा बाय सहाचा बोर्ड घ्या, एका उभ्या रांगेतली पाच घरं सावलीची करा. उन्हात उभ्या मॉन्स्टरचे दर राउंडच्या शेवटी ३ एचपी जातात. आणि दर राउंडला सावली एक रांग पूर्वेकडे सरकते, कारण ही दुपार आहे. लढत सहाव्या राउंडला संपते, ज्यांचे जास्त मॉन्स्टर उभे ते जिंकले.

अग्नी टाइपला ऊन लागत नाही, पण सावलीत उभ्या असलेल्यावर त्याचा ॲटॅक अर्धाच लागतो. ही दुसरी अट नसेल तर सगळे अग्नीवालेच घेऊन येतील. ढकलणारे, ओढणारे, जागा बदलणारे ॲटॅक, जे एरवी कोणी शिकवत नाही, त्यांना इथे सोन्याचा भाव येतो.

मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे, तेही पुतळेच, आणि गर्दीतून आरोळी उठते, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. रोगराई, संकटं, जे काही वाईट ते सगळं तिच्यावर टाकायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं. ही कल्पना लहानपणापासून माझ्या डोक्यात आहे, आणि मॉन्स्टरांच्या खेळात विष, झोप, लकवा, गोंधळ अशा बाधा असतातच. त्या कुठे टाकायच्या याचं उत्तर माझ्या गावात तयार होतं.

दोन बाजू, दोन गाडे. प्रत्येकाला चौकापासून वेशीपर्यंत आठ घरांची वाट. मॉन्स्टर आपल्या पाळीला तीनपैकी एक गोष्ट करतो: गाडा एक घर ढकलतो, ॲटॅक करतो, किंवा शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मॉन्स्टरच्या अंगावरची एक बाधा गाड्यावर टाकतो. बाधेसाठी रंगीत मणी वापरा, विषाचा जांभळा, झोपेचा निळा, असं. गाड्यावर तीन मणी झाले की तो ढकलायला एकाच राउंडमध्ये दोघे लागतात, सहा झाले की तिघे. कोणाचाही गाडा वेशीबाहेर गेला की लढत संपते. आधी बाहेर पडणाऱ्याला ३ गुण. शिवाय दोन्ही बाजूंना आपापल्या गाड्यावरच्या प्रत्येक मण्याचा एक गुण, मात्र गाडा निम्म्या वाटेपुढे, म्हणजे पाचव्या घरावर तरी, पोचलेला असला पाहिजे.

आता गंमत बघा. समोरच्याला विष द्यावं तर तो ते आपल्या गाड्यावर चढवून गुण घेतो. न द्यावं तर त्याचे मॉन्स्टर धडधाकट राहून भराभर ढकलतात. एरवी विचार न करता टाकलेला विषारी ॲटॅक इथे हात अडवून ठेवतो. भाचीकडे बुरशा म्हणून एक मॉन्स्टर आहे, ओल्या भिंतीवरच्या बुरशीसारखा, त्याला फटका असा नाहीच, सगळे ॲटॅक बाधेचेच. तिने बराच वेळ बोर्डाकडे बघून विचारलं, "मामा, मी आपल्याच गिट्टूवर विष टाकलं तर?"

"काहून?"

"मग ते मी आपल्याच गाड्यावर चढवते ना. समोरचे काही देऊनच नाही राहिले."

तिचा मित्र म्हणाला, "असं थोडी असते बे!" मी दोघांसमोर नियमाची वही उघडली. मनाई कुठे लिहिलेली नव्हती, आणि विचार तर झकास होता. तेव्हा तिथेच ठरवलं: आपल्या मॉन्स्टरला बाधा देता येईल, पण ती त्याने एक पूर्ण राउंड अंगावर सोसल्याशिवाय गाड्यावर टाकता येणार नाही. म्हणजे गिट्टूचा एचपी जाणार, तो पडायचीही भीती, पण मणी मिळणार. त्या दिवशी बुरशाने एकही शत्रू पाडला नाही आणि भाचीची बाजू मण्यांवर जिंकली.

नियम पक्का करताना मी हीच कसोटी लावतो. खेळाडूने अशी चाल शोधली की जिच्यासाठी त्याला काहीतरी द्यावं लागतं, तर तिला वाट करून द्या. चाल फुकटची असेल, दर राउंडला विचार न करता करता येणारी, तर तिच्यावर किंमत लावा. बंदी घालायची वेळ क्वचितच येते.

टेबलावर आणायच्या आधी

नवा प्रकार पोरांसमोर मांडण्याआधी एकटा बसून दोन्ही बाजू खेळा. पूर्ण लढत खेळायची गरज नाही, तीन राउंड पुरे. प्रत्येक पाळीला वहीत लिहा: या मॉन्स्टरसमोर दुसरी चांगली चाल कोणती होती? सलग काही पाळ्यांत दुसरी चाल सापडतच नसेल तर तुम्ही जुनीच लढत नवे कपडे घालून आणली आहे. तेव्हा नियम वाढवू नका. जिंकायची अट बदला. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची हेही पाळा. जिंकायची अट बदलली असेल तर पाळ्यांचा क्रम जुनाच ठेवा. जागेचे नियम आणले असतील तर नवीन बाधा आणू नका. कबड्डीत मी एचपी काढला, म्हणून टाइपचा तक्ता आणि फाशांचे आकडे हात न लावता तसेच ठेवले. पोरांना निम्मे नियम आधीच येत असतील तर ती उरलेले निम्मे चटकन धरतात.

सगळे नियम पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मावले पाहिजेत, मोठ्या अक्षरात. नाही मावले तर एक नियम कापा. कोणता कापायचा ते टेबलावर वाचून दाखवताना कळतं: ज्याच्याशी आलात की तुम्हाला "म्हणजे समजा की" असं म्हणावं लागतं, तो.

सामानाला खर्च करू नका. चिंचोके, बांगडीचे मणी, शर्टाची बटणं, मिठाईच्या डब्याचा कार्डबोर्ड. इतवारीत मण्यांची पाकिटं मिळतात, एकदा घेतली की संपत नाहीत. उन्हाळ्यात एवढीच काळजी घ्या की बोर्ड कुलरच्या झोतात येणार नाही, नाहीतर लढतीच्या मध्यात कागद उडतात आणि कोणता मॉन्स्टर कुठल्या घरात होता यावरून वाद होतो. मी पत्त्यांच्या तळाला पीठ मळल्यासारखी थोडी माती-क्ले चिकटवतो.

अनुभव गुण कसे द्यायचे

नवे प्रकार आणले की हा प्रश्न हटकून येतो, आणि तो सोडवला नाही तर सगळी मेहनत पाण्यात. बऱ्याच सिस्टिममध्ये अनुभव गुण शत्रू पाडल्यावर मिळतात. कबड्डीत कोणी पडत नाही, मारबतीत पाडून फायदा नाही. मग पोरं हिशेबाने परत एकास एक मागतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

मी असं करतो: लढतीचे एकूण गुण आधीच ठरवून ठेवतो, समजा १००. त्यातले ६० बोर्डावर उतरलेल्या सगळ्या मॉन्स्टरांत सारखे वाटतो, जिंकले असोत की हरले. ३० जिंकणाऱ्या बाजूला. उरलेले १० त्या मॉन्स्टरला, जो मागच्या तीन लढतींत बाहेर आला नव्हता आणि आज आला. असे दोन असतील तर ५ आणि ५. एकही नसेल तर ते १० कोणालाच नाहीत, पुढच्या लढतीच्या डब्यात जमा. डबा फुगत जातो तसं पोरं आपापल्या शीट उलटून बघायला लागतात की कोण राहिलं आहे. शीटच्या कोपऱ्यात मी तीन छोटी घरं आखून दिली आहेत, मॉन्स्टर बसून राहिला की एकात पेन्सिलने टिंब द्यायचं, उतरला की तिन्ही खोडायची. त्यामुळे कोणी किती वाट पाहिली हे विचारावं लागत नाही.